पाडव्यापासून मृगापर्यंत

मृग नक्षत्र लागतं ७ किंवा ८ जूनला. या वर्षी घरी गोधडी शिवायची असेल, कुणाच्या तरी बाळंतविड्यासाठी टोपडं विणायचं असेल आणि खिडकीत मोगरा फुलवायचा असेल, तर नालासोपाऱ्यात राहणाऱ्यांनी कामाचा हिशेब त्या तारखेपासून उलटा मांडावा. पाडवा कधी मार्चच्या उत्तरार्धात येतो, कधी एप्रिलमध्ये. म्हणजे हाताशी आठ ते अकरा आठवडे. समुद्राजवळच्या आपल्या पट्ट्यात वसंत काही थंडगार नसतो, फाल्गुन सरताना घाम सुरू होतोच. पण धुतलेलं कापड दुपारपर्यंत कडकडीत वाळतं, मोगऱ्याला कळ्या धरतात आणि परीक्षा संपल्यामुळे घरातले दोन-चार हात मोकळे असतात. एकदा पाऊस लागला की तीन महिने साधा टॉवेल वाळत नाही, तिथे गोधडी कुठून वाळणार? पापड, मसाले, सुकी मासळी ही अगोटीची कामं आपल्याकडे पूर्वापार याच दिवसांत होतात. गोधडीही त्यातलीच.

तिन्ही छंद एका वेळी सुरू करू नयेत, असं सांगणारे भेटतील. माझं मत उलटं आहे. ही तीन कामं दिवसाचे वेगवेगळे तुकडे मागतात, म्हणून एकमेकांच्या आड येत नाहीत. झाडांना सकाळची पंधरा मिनिटं पुरतात. गोधडीला सुट्टीच्या दिवशीची दुपार आणि मोकळी जमीन लागते. विणकाम उरलेल्या वेळेत कुठेही होतं. एक खोली-स्वयंपाकघर एवढ्या घरातही हे बसतं, फक्त गोधडी अंथरायच्या दिवशी जेवणाची पानं जरा लवकर उरकावी लागतात.

आधी फुलझाडं, कारण त्यांना थांबता येत नाही.

रोप आणण्याआधी खिडकी कुठे उघडते ते पाहा. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येतं, तेव्हा वाटतं की फुलझाडाला हीच जागा. पण सूर्य रोज थोडा उत्तरेकडे सरकत असतो. मेच्या मध्यावर मुंबई परिसरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर माथ्यावर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन तोवर जवळजवळ संपलेलं असतं. नंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो भरदुपारी आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणून जानेवारीत बहरलेली कुंडी मेमध्ये रुसली तर खताला दोष देऊ नका, कुंडीची जागा बदला. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेलाही तो फुलतो, पण तिथे दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात माती लवकर सुकते, तेव्हा संध्याकाळी पुन्हा पाणी पाहावं लागतं. ऊन अगदीच कमी असेल तर अबोली लावा. तिला वास नाही, पण अर्ध्या सावलीत ती तग धरते आणि गजऱ्यात मोगऱ्याशेजारी शोभते.

रोप घ्यायला लांब जायला नको. स्टेशनच्या पश्चिमेला सोपारा गाव ओलांडून गास, निर्मळच्या दिशेने गेलात की बावखलांच्या काठच्या वाड्या दिसतात. वसईच्या या हिरव्या पट्ट्यातली फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या फूल मंडईत जातात. मोगरा, चाफा, तगर, जास्वंद, तुळस ही इथल्या माती-हवेला सरावलेली झाडं आहेत. मग गुलाब आणि जरबेराच्या मागे लागून डोक्याला ताप का करून घ्यायचा? फुलांचा इथला संबंध तसा फार जुना. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यात बुरुड राजाच्या कोटाच्या जागी बौद्ध स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीतल्या करंडकांसोबत सोन्याची फुलंही निघाली होती. त्यांना पाणी घालावं लागत नाही, आपल्या फुलांना लागतं. पाण्याकडे पुढे वळूच.

हातगाडीवरचं फुलांनी लगडलेलं रोप घेतलंत तर एक काळजी घ्या. त्याची मुळं बहुधा घट्ट चिकणमातीच्या गोळ्यात आवळलेली असतात. तो गोळा तसाच कुंडीत पुरला तर पाणी बाजूने निघून जातं आणि मूळ कोरडं राहतं. गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करा, मग लावा. कुंडीत माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट यांचे सारखे भाग घ्या. निव्वळ मातीची कुंडी ओली झाली की इतकी जड होते की जाळीवर चार ठेवताना धास्ती वाटावी. मोगऱ्याला दहा-बारा इंची कुंडी पुरते. जाळीत ठेवलेली प्रत्येक कुंडी तारेने बांधा. खालून माणसं जातात.

मोगऱ्याची छाटणी खरं तर जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्या वेळी आठ-दहा दिवस पाणी कमी करायचं, वाळक्या आणि वेड्यावाकड्या काड्या कापायच्या, उरलेल्या फांद्यांचा वरचा तिसरा भाग उडवायचा, जुनी पानं काढायची आणि मग खत घालून भरपूर पाणी सुरू करायचं. महिना-दीड महिन्यात नव्या फुटव्यांच्या टोकांना कळ्या येतात. कळी नव्या फुटीवरच येते, छाटणी करायची ती एवढ्यासाठी. तुम्ही हे पाडव्यानंतर वाचत असाल आणि झाड न छाटताच बहरलं असेल, तरी संधी गेलेली नाही. पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेली टोकं दोन-दोन पेरांवर खुडा आणि मूठभर गांडूळखत घाला. पावसाआधी आणखी एक बहर बहुधा मिळतो. काही जण शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून, दसपट पाण्यात मिसळून घालतात. झाडाला ती मानवते. शेजाऱ्यांना मानवत नाही.

कळ्या जांभळट पडून न उमलता गळायला लागल्या तर आत कीड आहे असं समजा. तेवढ्या कळ्या खुडून पिशवीत बंद करून टाका, कुंडीत पडू देऊ नका. जास्वंदीवर पिठासारखा पांढरा ढेकूण दिसला तर आधी जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि पाण्याने धुऊन काढा. तेवढ्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा, सकाळी फवारलंत तर उन्हाने पानं भाजतील.

आता पाणी. वसई-विरारमध्ये उन्हाळ्यात पाण्याचं वेळापत्रक सगळ्यांना तोंडपाठ असतं, नव्याने सांगायची गरज नाही. तांदूळ-डाळ आणि भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवलं तर पाच-सहा कुंड्यांचं त्यात भागतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी खारट असेल तर मातीवर पांढरा थर दिसायला लागतो. मग वरची इंचभर माती खरवडून काढून नवी घाला. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून फेकलं जाणारं पाणी अनेक जण झाडांना घालतात. त्यात क्षार एकवटलेले असतात, फरशी पुसायला ते ठीक. कुंडीवर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर दिला की ओल जास्त टिकते. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी मात्र आठवड्यातून दोनदा ओता, डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं.

कमी कष्टात रंग हवा असेल तर ऑफिस टाइम लावा. नाव या शहराला अगदी शोभतं. काडी खोचली की जगते, कडक ऊन लागतं, पाणी कमी चालतं. फूल मात्र दुपारपर्यंतच उमललेलं राहतं, तेव्हा सकाळची लोकल पकडणाऱ्यांना ते रविवारीच नीट दिसेल. सोनचाफ्याचा मोह झाला तर कलमच घ्या. बियांपासून केलेलं झाड फुलायला कैक वर्षं घेतं. वेलणकर चाफा या नावाने मिळणारं कलम मोठ्या पिंपात लवकर फुलतं, पण ते गॅलरी असलेल्यांसाठी. खिडकीच्या जाळीत ते कोंबू नये.

गोधडीची तयारी कपाटातून सुरू होते. फक्त सुती कापड घ्या. जॉर्जेट, नायलॉनच्या साड्या कितीही सुंदर असल्या तरी थरात सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि सुती कापड आटलं की त्यांच्याशेजारी चुण्या पडतात. साडीचा फॉल उसवा. सगळं कापड कोमट पाण्यात एकदा धुऊन, वाळवून घ्या. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासून पाहा, रंग लागला तर ते कापड वेगळं काढा. मग प्रत्येक साडी खिडकीसमोर धरा. जिथून उजेड चाळणीतून यावा तसा येतो, तिथे ती विरलेली आहे. असा भाग आतल्या थरात टाका किंवा वरून ठिगळ लावा.

मापाचं सोपं गणित असं. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. तिची लांबीत तीन पदरी घडी घातली की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर आपोआप तयार होतात. एका माणसाला पावसाळी रात्री पांघरायला एवढी गोधडी पुरते. घाटावरच्या वाकळीसारखे सहा-सात थर इथे नकोत. एक तर इतकी थंडी पडत नाही, शिवाय जाड गोधडी धुवायला आणि वाळवायला गच्ची लागते. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांत शेतावर घालायच्या विटक्या डेनिमचे तुकडे आहेत, आणि दिसतात देखणे. ते पाहून घरातल्या जुन्या जीन्स काढायचा मोह होतो. ठिगळापुरती एखादी ठीक, पण पूर्ण थर डेनिमचा केला तर सुई तुटेल आणि पांघरणारा घामाने निथळेल.

जमीन पुसून, पूर्ण कोरडी करून साडी पसरा. चार कोपऱ्यांवर डबे किंवा पाट ठेवून ताणून घ्या. हे एकट्याने करू नका, समोरून ताणणारं कुणीतरी हवंच. वर ठिगळं मांडायची असतील तर आताच मांडा, आणि शिवण्याआधी जरा लांब उभं राहून पाहा. जवळून दोन रंग भांडताना दिसतात, लांबून तेच एकमेकांना उठाव देतात. मनासारखं जुळलं की मधून कडेकडे वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून बरेच जण तो टाळतात, आणि शेवटी गोधडीच्या मध्यावर कापडाचा फुगा येतो. त्याला मग उसवण्यावाचून इलाज नसतो.

मग धावदोरा. कडा आत दुमडून एका कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि चौकोनी फेऱ्या घालत आत सरका. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर ठेवा. दोरा सुती, दुहेरी आणि हातभरच घ्या. लांब घेतला की गुंततो आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. मेणबत्तीवरून एकदा ओढला तर सुरळीत चालतो. तीन थरांना दाभण नको, लांब आणि जरा दणकट सुई पुरे. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना बोट आठवण करून देईल. गाठ वर दिसू देऊ नका, थरांच्या मध्ये ओढून घ्या.

एवढ्या गोधडीत साधारण ६० मीटर धावदोरा जातो. मीटरला दहा मिनिटं धरली तर दहा तासांचं काम झालं. रविवारी दीड-दोन तास बसलात तरी सहा-सात रविवारांत गोधडी हातावेगळी होते आणि मृगाआधी एक धुणंही पदरात पडतं. जोडीला आई, सासूबाई, शेजारच्या काकू असतील तर हे तास निम्म्यावर येतात. दोघींच्या टाक्यांची लांबी वेगळी पडली तर पडू द्या. घरच्या गोधडीत कुठली ओळ कुणाची ते ओळखता येणं मला तरी यंत्रावरच्या सारख्या टाक्यांपेक्षा आवडतं. शिवणयंत्रावर गोधडी तासाभरात होते हे खरं, पण घरच्या साध्या यंत्रावर सहा फुटांचा गठ्ठा दाबाखालून सरकवताना निम्मा जीव जातो.

कोपरे सर्वांत आधी झिजतात. उत्तर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला राहणाऱ्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक शिवतात. त्यांना त्या फुलं म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. आपणही ही युक्ती उचलावी. ब्लाउजपिसाचे चार चौकोन तिरके दुमडून कोपऱ्यांवर बसवले की कोपरा मजबूत होतो आणि गोधडी पुरी झाल्यासारखी दिसते.

विणकामाबद्दल पहिला प्रश्न हमखास येतो तो म्हणजे या उकाड्यात लोकर कोण हातात घेणार. रास्त आहे. म्हणून दिवसा सुती धाग्याचं क्रोशाचं काम करा आणि लोकर घ्यायचीच असेल तर रात्री पंख्याखाली. घामट हाताने लोकर सुईला चिकटते, टाके घट्ट होतात आणि पुढच्या ओळीत सुई शिरत नाही. बांबूच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत सुया घ्या आणि हाताला थोडी पावडर लावा. विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच तर क्रोशाची छोटी सुई बाहेर काढायला हरकत नाही. दोन लांब सुयांचं विणकाम गर्दीत नको, तुमच्या शेजारणीच्या कोपराला त्याची माहिती नसते.

करायचं काय? स्वेटरने सुरुवात करू नका. इथे तो घालायला मिळत नाही आणि अर्धवट राहण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. बाळंतविड्याला मात्र कायम मागणी असते: दुपटं, झबलं, कुंची, टोपडं, मोजे. पावसाळ्यात जन्मणाऱ्या बाळाला टोपडं लागतंच, आणि ते दोन-तीन संध्याकाळींत होतं. शिवाय साडीच्या उरलेल्या मऊ तुकड्यांतून दुपटं निघतं, म्हणजे गोधडीचं कापडही वाया जात नाही.

टोपड्याची कृती सांगते. लोकर बाळाची, मऊ, न टोचणारी घ्या, केसाळ नको, तिचे तंतू बाळाच्या नाका-तोंडात जातात. आपल्या दुकानांतल्या सुयांवर बहुधा जुने नंबर असतात आणि नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे चार. टोपड्याला १० नंबर घ्या. आधी तीसेक टाके घालून, एक ओळ सुलट एक ओळ उलट असा छोटा चौकोन विणा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजा. हा तुकडा विणायचा कंटाळा केला तर टोपडं बाहुलीला तरी होतं नाहीतर आजोबांना. समजा २४ बसले. नवजात बाळाच्या टोपड्याचा घेर ३३ सेंटिमीटर धरला तर साधारण ८० टाके लागतात. ८० टाके घाला. दोन सुलट, दोन उलट असं तीन सेंटिमीटर विणा, म्हणजे कड ताणली जाईल आणि कपाळावर बसेल. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट करत सुरुवातीपासून १३ सेंटिमीटरपर्यंत जा. मग पूर्ण ओळ दोन-दोन टाके एकत्र घेऊन सुलट विणा, ४० राहतील. एक ओळ उलट. पुन्हा दोन-दोन एकत्र, २० राहतील. लोकर वीत-दीड वीत सोडून कापा, ते टोक सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढा, ओढून गाठ मारा आणि त्याच लोकरीने बाजू शिवा. बटण, मणी, गळ्याशी लांब नाडी यांतलं काहीही लावू नका.

सगळी लोकर एकदमच घ्या. पट्टीवरचा लॉट नंबर वेगळा निघाला तर तोच रंग उन्हात वेगळा दिसतो. क्रोशाच्या धाग्यालाही हे लागू आहे. तोरण किंवा ताटावरचा रुमाल करणार असाल तर धागा थोडा जास्तच घ्या. कुंडीसाठी शिंकं विणायचं असेल तर मात्र सुती धागा वापरू नका. रोजच्या पाण्याने तो कुजतो आणि एक दिवस कुंडीसकट खाली येतो. तिथे नायलॉनची दोरी बरी.

चैत्रात हळदीकुंकू असतंच. शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही करा. आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर द्यायला घरचा मोगरा असला तर बाजारातले गजरे आणावे लागत नाहीत. कळ्या दुपारी उशिरा, पांढऱ्या टपोऱ्या पण मिटलेल्या असताना खुडा. ओल्या फडक्यात ठेवल्या की संध्याकाळी बायका यायच्या वेळेला उमलायला लागतात. ओवायला केळीच्या सोपटाचा धागा मिळाला तर पाहा. तो ओला करून वापरतात, त्यामुळे कळीचा देठ कापला जात नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आवराआवर. गोधडी सौम्य साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात, मध्ये उलटून वाळवा. हाताला कोरडी लागली तरी आतला थर ओलसर असू शकतो, म्हणून दुसरा दिवस चुकवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळून कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासकट ठेवा. उरलेली लोकर मात्र झाकणाच्या डब्यात. कुंड्यांच्या खालची भोकं काडीने मोकळी करा, जाळीच्या बाहेरच्या कडेला असलेल्या आत घ्या. आणि पहिल्या पावसानंतर मोगरा पुन्हा थोडा छाटाल, तेव्हा पेन्सिलीएवढ्या काड्या टाकू नका. खालची पानं काढून, दोन डोळे मातीत जातील अशा तिरक्या खोचल्या की पावसाळी हवेत त्या सहज फुटतात. सोसायटीत मागणाऱ्या बऱ्याच निघतील. प्रत्येकीला दोन काड्या द्या, कुंडी तिची तिने आणावी.